करडा फोटो

फोटोतला रंग मी काढून टाकला, ही गोष्ट मी दोन दिवस कोणालाच सांगितली नाही. ऑक्टोबरमध्ये मुलाकडे ग्लासगोला गेले होते. तिथून आगगाडीने स्टर्लिंगचा किल्ला पाहून आलो, त्या रात्री त्याच्या घरातल्या लहानशा खोलीत हीटरला पाठ लावून बसले आणि दिवसभरातल्या ऐंशी-नव्वद फोटोंमधून साताऱ्याच्या ताईला पाठवण्याजोगा एक निवडला. किल्ल्यासमोरच्या पटांगणातून काढलेला तो फोटो होता. काळसर तट, त्यामागे माथे छाटलेले गोल बुरूज, वर पावसाने जड झालेले आभाळ, आणि या सगळ्याच्या मागून, दुसऱ्याच चित्रातून कापून आणून चिकटवल्यासारखा, हळदीपेक्षा जरा फिका असा एक भलाथोरला पिवळा महाल. तो पिवळा रंग डोळ्यांना खुपत होता. आधी मी फोटो कापून पाहिला, पण महाल एवढा मोठा की तो वगळला तर किल्लाच हाती लागेना. मग बोटाच्या एका स्पर्शाने सगळा रंगच उतरवला. क्षणार्धात महाल तटासारखा झाला, तट आभाळासारखा झाला आणि सात-आठशे वर्षांची धूळ जणू एकदम खाली बसली. मी समाधानाने फोटो पाठवला आणि झोपले. सकाळी उठून पाहते तर ताईचे उत्तर येऊन पडले होते : "किती जुना वाटतो गं! अंगावर काटा आला."

तो काटा मी माझ्या हाताने तयार केलेला होता.

गंमत अशी की ज्याला मी पुसून टाकले तीच त्या किल्ल्यातली सर्वांत कष्टाने परत मिळवलेली वस्तू आहे. हा महाल चौथ्या जेम्स राजाने 1503च्या सुमारास बांधून पुरा केला. लांबी 42 मीटर, रुंदी 14 मीटर. स्कॉटलंडमध्ये मध्ययुगात बांधलेले मेजवानीचे एवढे मोठे दालन दुसरे नाही. आत पाच शेकोट्या आहेत, आणि वर ओक लाकडाच्या तुळयांचे असे छत आहे की मान मागे टाकून पाहताना उलट्या ठेवलेल्या गलबताच्या पोटात उभे असल्याचा भास होतो. हे छत आणि बाहेरचा रंग मात्र आपल्या डोळ्यांदेखतचे आहेत. लष्कराने 1964 साली किल्ला सोडला, त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे काम चालले आणि 1999 साली हा महाल लोकांसाठी पुन्हा उघडला. भिंतीवर एका कोपऱ्यात टिकून राहिलेल्या जुन्या चुन्याच्या थरावरून मूळ रंग ठरवण्यात आला आणि साऱ्या भिंतींना तोच हात दिला गेला. त्या रंगाला तिथे 'किंग्ज गोल्ड', म्हणजे राजाचे सोने, असे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या करड्या किल्ल्याकडे पाहत आलेल्या गावकऱ्यांना एका सकाळी डोंगरावर हे सोने दिसले तेव्हा त्यांतले बरेच जण संतापले होते. मुलाने हे सांगितले तेव्हा मला त्या अनोळखी लोकांविषयी एकदम आपुलकी वाटली. मी स्वतः पटांगणात उभी राहून पहिले वाक्य जे बोलले ते असे होते, "अरे, हे तर आपल्या सोसायटीला दिवाळीत रंग दिला होता तसंच दिसतंय."

मला असे का वाटावे, याचा विचार मी नंतर बराच केला. आमचे बालपण साताऱ्यातले. अजिंक्यताऱ्यावर रविवारी सकाळी वडील आम्हा दोघी बहिणींना घेऊन जात, आणि गवतातून जेमतेम डोके वर काढणाऱ्या एखाद्या चौथऱ्यापाशी थांबून हातातल्या काठीने हवेत रेघ ओढत सांगत, "इथं राजवाडा होता, तिथं सदर." काठीने ओढलेल्या त्या रेघांमध्ये मग आम्ही आमचा राजवाडा उभा करायचो. त्याला रंग नसे. खरे सांगायचे तर त्याला भिंतीही नसत. असायचा तो फक्त वारा, गवताचा वास आणि वडिलांचा किंचित घोगरा झालेला आवाज. किल्ला म्हणजे पडलेला किल्ला, हे आमच्या मनात तेव्हाच इतके पक्के बसले की उभा असलेला, छप्पर शाबूत असलेला, रंगवलेला किल्ला पाहिला की तो खोटा वाटतो. आणि तरीही ज्या घरातून आम्ही त्या रविवारी निघायचो त्या घराच्या भिंतींना दर दिवाळीआधी चुन्यात पिवडी कालवून हात दिला जायचा. ओल्या चुन्याचा तो थंड, किंचित झोंबणारा वास, बादलीत ढवळली जाणारी पिवळी निवळी, कपड्यांना लागली की धुऊनही न जाणारी. स्टर्लिंगच्या महालाचा रंग अगदी तोच होता. घराला जो रंग शोभत होता तो राजाच्या घराला शोभत नाही, असे मी कोणत्या अधिकाराने ठरवले होते?

युरोपला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पडक्या वास्तूंची जी गोडी लागली तिचा यात बराच वाटा असावा. वेलींनी वेढलेला बुरूज, चंद्रप्रकाश, तुटलेली कमान, असे किल्ल्यांचे चित्र त्या काळात घडले, आणि इंग्रजी पुस्तकांतून ते आपल्याकडेही उतरले. प्रत्यक्षात मध्ययुगातल्या राजांना दगड उघडा ठेवण्याची हौस नव्हती. लंडनच्या टॉवरमधल्या 'व्हाइट टॉवर'ला ते नाव तिसऱ्या हेन्रीने त्याला चुन्याची सफेदी दिली म्हणून पडले. चुन्याने भिंतीत पाणी मुरत नाही, हा एक उपयोग. आणि दुरून येणाऱ्याला, तो पाहुणा असो की शत्रू, इथे कोण राहते ते चार कोसांवरूनच कळते, हा दुसरा. करडेपणा हा किल्ल्याचा मूळ रंग नव्हे. तो मालकाने पाठ फिरवल्यानंतर चढलेला रंग आहे.

स्टर्लिंगचा कातळ मात्र खराखुरा काळा आहे, आणि आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा दूरचा नातलग शोभावा असाच, पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसाचा. भोवताली सपाट, पाणथळ मैदान, त्यातून वेडीवाकडी वळणे घेत जाणारी फोर्थ नदी, आणि मधोमध हा एकटा कडा. उत्तरेच्या डोंगराळ मुलखात जायचे तर या कड्याखालच्या पुलावरून नदी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नसे. ज्याच्या हाती हा किल्ला त्याच्या हाती तो पूल. हे एवढे एक वाक्य कळले की पुढची कित्येक शतके या दगडावर माणसे का मरत राहिली ते वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

इंग्लंडविरुद्ध लढलेला वॉलेस आणि स्कॉटांचा राजा ब्रूस ही नावे मुलाच्या पिढीला पडद्यावरून ठाऊक आहेत. किल्ल्यावर आलेले बहुतेक लोकही त्या दोघांना शोधत फिरताना दिसले. तटावर उभे राहून पलीकडच्या टेकडीवरचा वॉलेसचा मनोरा आणि पटांगणातला ब्रूसचा पुतळा यांचे फोटो काढायला रांग लागली होती. त्या दोघांच्या काळातला एकही उभा दगड या किल्ल्यात नाही. आज दिसणाऱ्या बांधकामातला सर्वांत जुना भाग म्हणजे उत्तरेकडचा दरवाजा, आणि तो 1381चा. आधीचे जे काही होते ते इतक्या वेळा जिंकले, हरले आणि पाडले गेले की त्याच्या फक्त हकिकती उरल्या आहेत. मला मात्र त्या हकिकतींमध्ये लढायांपेक्षा फुटकळ माणसे अधिक भेटली. 1296 साली इंग्लंडचा पहिला एडवर्ड सैन्य घेऊन आला तेव्हा शिबंदी आधीच पळून गेलेली होती आणि किल्ल्यात उरला होता फक्त दरवान. त्याने किल्ल्या काढून राजाच्या हवाली केल्या. त्या दरवानाचा विचार मी परतीच्या गाडीत बराच वेळ करत होते. सगळे निघून गेले, आणि हा का थांबला? दरवाजा उघडा टाकून जाणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, की जायला दुसरी जागाच नव्हती?

त्यानंतर आठ वर्षांनी, 1304च्या वसंतात, तोच एडवर्ड पुन्हा आला. आता सारा स्कॉटलंड त्याच्यापुढे नमला होता आणि उरला होता एवढा एक किल्ला. किल्लेदार सर विल्यम ऑलिफंट. ज्याच्या वतीने आपण किल्ला सांभाळतो तो सरदार फ्रान्समध्ये आहे, त्याला निरोप पाठवून शरण जाऊ की नको ते विचारून घेतो, तेवढी मुदत द्या, अशी त्याने विनंती केली. एडवर्डने ती फेटाळली. वेढा सुमारे तीन महिने चालला. दगडफेकी यंत्रे डझनभर होती, तरी राजाला ती पुरेशी वाटेनात. भोवतालच्या चर्चच्या छपरांवरचे शिसे उतरवून ते यंत्रांना तोलाचे वजन म्हणून आणवले गेले. पाच मुख्य सुतार आणि पन्नासेक कामगार एक अजस्र गोफणयंत्र बांधत होते. त्याचे नाव 'वॉरवुल्फ', रणातला लांडगा. गावातल्या एका घराला राजाने खास खिडकी काढून घेतली, कशासाठी, तर राणीला आणि तिच्या सख्यांना वेढा नीट पाहता यावा म्हणून. जुलैत किल्ल्यातल्या मूठभर लोकांनी शरणागती देऊ केली तेव्हा वॉरवुल्फ नुकताच तयार होत आला होता. राजाने शरणागती घ्यायला नकार दिला. यंत्र एकदा चालवून बघितल्याशिवाय कोणी बाहेर यायचे नाही आणि कोणी आत जायचे नाही, असा त्याचा हुकूम होता. मग हार मानून बसलेल्या माणसांवर ते दगड फेकले गेले, भिंत कोसळली, आणि त्यानंतर शरणागती स्वीकारण्यात आली.

या प्रसंगात क्रौर्य आहेच, पण मला जास्त अस्वस्थ करते ती खिडकी. कोणीतरी सुताराला सांगितले असणार, जरा रुंद काढ, उजेड यायला हवा. आम्ही तटावर ज्या जागी थर्मासमधला चहा प्यायलो तिथून खालचे गाव, त्याची उतरती छपरे, सगळे स्पष्ट दिसते. म्हणजे तिथूनही इकडचे तितकेच स्पष्ट दिसत असेल. एकमेकींना कोपर मारून दाखवत, काहीतरी खात, त्या बायकांनी ते पाहिले असेल. मी स्वतः तिकीट काढून त्याच वेढ्याची गोष्ट ऐकायला आले होते, त्यामुळे त्यांच्याविषयी फार बोलण्याचा अधिकार मला नाही.

दहा वर्षांनी बाजू उलटली. किल्ला इंग्रजांकडे आणि वेढा स्कॉटांचा. 1314च्या 24 जूनपर्यंत मदत आली नाही तर किल्ला सोडू, असा किल्लेदार फिलिप मोब्रेने करार केला, आणि त्या मुदतीपायी इंग्लंडचे सैन्य बॅनॉकबर्नच्या ओढ्याकाठी येऊन चिरडले गेले. पळत सुटलेला दुसरा एडवर्ड आश्रयाला आला तो याच किल्ल्याच्या दाराशी, आणि मोब्रेने स्वतःच्या राजाला आत घेतले नाही. आत आलात तर उद्या किल्ल्यासकट तुम्हीही कैद व्हाल, हे त्याचे गणित अचूक होते. मग ब्रूसने काय केले? ज्या किल्ल्यासाठी ही लढाई झाली तो ताब्यात घेऊन पाडून टाकला. शत्रूला परत उपयोगी पडू नये म्हणून. आज ज्याच्या पुतळ्यासमोर रांग लागते त्यानेच त्याच्या काळातला किल्ला आपल्यासाठी शिल्लक ठेवला नाही.

पुढच्या शतकातली एक हकिकत मात्र जागेला अजून चिकटून आहे. पश्चिमेकडे तटालगत एक लहानशी बाग आहे, तिला डग्लसची बाग म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. ओले गवत, गुलाबाचे दोन-चार उशिराचे ताटवे आणि कड्यावरून वर येणारा, कानशिले बधिर करणारा वारा. 1452 साली 22 फेब्रुवारीला एकवीस वर्षांच्या दुसऱ्या जेम्सने डग्लस घराण्याचा आठवा अर्ल विल्यम याला इथे जेवायला बोलावले होते. केसालाही धक्का लागणार नाही असे अभयपत्र दिले होते. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्याला कौल म्हणतात तसे. दुसऱ्या सरदारांशी केलेला करार मोड, असे राजाने फर्मावले, अर्लने नकार दिला, आणि राजाने स्वतःच सुरा उपसला. उरलेले काम दरबाऱ्यांनी पुरे केले. प्रेत खिडकीतून खाली फेकण्यात आले. राजवाड्यातला खून म्हटला की मराठी माणसाला 'काका, मला वाचवा' हीच हाक ऐकू येते; इथे हाक मारायला कोणी उरलेच नव्हते, कारण मारणारा खुद्द राजाच होता. महिन्याभराने मृताच्या भावाने ते अभयपत्र घोड्याच्या शेपटीला बांधून स्टर्लिंगच्या रस्त्यांतून फरफटत नेले आणि गावाला आग लावली. पार्लमेंटने राजाला निर्दोष ठरवले. आणि 1797 साली त्या बागेत खोदकाम करताना गवंड्यांना एक सांगाडा सापडला. तो त्याचाच, असे सांगतात.

इतके सगळे रक्त वाचून झाल्यावर चौथ्या जेम्सच्या काळात शिरले की उघड्या हवेत आल्यासारखे होते. हा राजा हौशी होता. दात उपटण्यापासून किमयेपर्यंत सगळ्याची आवड. त्याने जॉन डेमियन नावाच्या एका परदेशी किमयागाराला पदरी ठेवले होते. सोने काही त्याला करता आले नाही, पण 1507 साली त्याने पिसांचे पंख बांधून किल्ल्याच्या तटावरून फ्रान्सपर्यंत उडत जाण्याचे जाहीर केले, आणि उडी मारलीही. खाली पडून मांडीचे हाड मोडले. त्याने दिलेले कारण मला फार आवडते : पंखांत कोंबड्यांची पिसे मिसळली गेली होती, आणि कोंबडीची ओढ आकाशाकडे नसून उकिरड्याकडे असते. त्याच राजाने हा पिवळा महाल बांधला. तटावरून डेमियनने मागे वळून पाहिले असेल तर शेवटचा दिसला तो हाच रंग असणार.

महालात शिरताना माझ्या मनात हे सगळे होते. आत काहीच नाही. एका टोकाला राजाराणीची दोन आसने, बाकी रिकामी फरशी, उंच खिडक्यांतून तिरपा येणारा दुधी उजेड आणि लाकडाचा कोरडा, गोडसर वास. एका शाळेची मुले आली होती. त्यांच्या बुटांचा आवाज वर छताला जाऊन पुन्हा खाली यायचा. याच फरशीवर 1594 साली सहाव्या जेम्सच्या मुलाच्या, युवराज हेन्रीच्या, बाप्तिस्म्याच्या मेजवानीत एक जहाज आणले होते : 18 फूट लांब, शिडांसह 40 फूट उंच, तोफा उडवणारे, आणि त्यातून पाहुण्यांना मासळी वाढली जात होती. मिठाईचा रथ एक सिंह ओढणार होता. सिंहामुळे बायाबापड्या घाबरतील म्हणून ऐनवेळी बेत बदलला आणि तो रथ एका काळ्या माणसाने ओढला. सिंहाच्या जागी जुंपलेल्या त्या माणसाला त्या रात्री जेवायला कुठे बसवले असेल, ही शंका त्या सुंदर महालात उभे असताना मनात यायला नको होती, पण आली.

त्यानंतर नऊ वर्षांनी, 1603 साली, सहावा जेम्स इंग्लंडचा राजा झाला आणि लंडनला गेला. दर तीन वर्षांनी येईन म्हणाला होता. आला तो एकदाच, 1617 साली. राजा गेला की राजवाड्याचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. किल्ला लष्कराकडे गेला. महालात आडवे मजले घालून, भिंती उभ्या करून सैनिकांच्या खोल्या काढण्यात आल्या. शेजारच्या पाचव्या जेम्सच्या राजवाड्यात राजाच्या भेटीच्या दालनाचे छत ओकच्या कोरीव वर्तुळांचे होते. प्रत्येक वर्तुळ जवळजवळ मीटरभर रुंद आणि प्रत्येकात एक मुखवटा, राजे, राण्या, रोमन सम्राट, एक विदूषकसुद्धा. 1777 साली त्यांतला एक निखळून एका सैनिकावर पडला आणि सगळेच उतरवण्यात आले. पुढे ते कोणाकोणाच्या घरी गेले, कोणाच्या भिंतीवर लागले. बरेचसे हळूहळू परत आले, आणि आता वरच्या मजल्यावर एका अंधाऱ्या दालनात काचेमागे ठेवले आहेत. त्यांतल्या एकाच्या कडेला शून्य, एक रेघ, दोन रेघा अशा खुणांची ओळ कोरलेली आहे. ती वीणेसारख्या वाद्यासाठी लिहिलेली सुरावट असावी, असा जाणकारांचा तर्क आहे. ते रंग उडालेले, भेगाळलेले चेहरे मी जवळून पाहिले आणि खाली येऊन त्याच छताखाली उभी राहिले, जिथे आता त्यांच्या ताज्या कोरलेल्या, लाल-निळ्या-सोनेरी प्रती बसवल्या आहेत. मला वरचे आवडले. मुलाला खालचे. आम्ही त्यावर दोन जिने भांडलो.

"तुला म्हातारी माणसंच आवडतात," तो म्हणाला, "ती तरुण होती हे तुला चालत नाही."

या किल्ल्याचा आपल्याशी थेट संबंध जिथे जुळतो ती जागा मी शेवटी पाहिली, आणि तिथे मला एकटीलाच जायचे होते. राजाच्या जुन्या वाड्यात आता आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे संग्रहालय आहे. 1881 साली दोन पलटणी एकत्र करून ती बनली. त्यांतली एक होती 93वी हायलँडर्स. 1857च्या नोव्हेंबरात, 16 तारखेला, लखनौच्या सिकंदरबागेवर चालून गेलेल्यांमध्ये ही 93वी पलटण आघाडीवर होती. भिंतींच्या आत कोंडल्या गेलेल्या शिपायांची सुमारे दोन हजार प्रेते नंतर मोजली गेली. तीनच आठवड्यांनी, 6 डिसेंबरला, कानपूरला इंग्रज सेनापती कॅम्पबेलने येवल्याच्या तात्या टोप्यांच्या फौजेचा पराभव केला, त्यातही हीच माणसे होती. काचेच्या कपाटांत पदके, निशाणे, लाल डगले आणि घासून चकचकीत केलेली चांदीची भांडी नीट मांडून ठेवली होती. मला राग यायला हवा होता, तसा तो आलाही. पण त्याबरोबर एका डगल्याच्या छातीचा अरुंदपणा पाहून हा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचाच असेल, असेही मनात आले. या दोन्हींपैकी एकही गोष्ट दुसरीला बाजूला सारत नव्हती.

तिथे उभी असताना मला सिकंदरबागेचा एक फोटो आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी पाहिलेला, फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने 1858 साली काढलेला. मोडकी कमान, थांबलेली दोन-चार माणसे, एक घोडा आणि पुढे अंगणभर विखुरलेली हाडे. लढाई होऊन काही महिने लोटले होते. ती हाडे फोटोसाठी पुन्हा तशी मांडून घेतली होती, असे मानले जाते. फोटो अर्थातच करडा आहे. पाहताना वाटते, इतिहास असाच असणार. सिकंदरबाग ही वाजिद अली शाहची विलासबाग होती. तिथे रंग होते, कारंजी होती, हे त्या फोटोपुढे कोणाला आठवतही नाही.

त्या रात्री मी ताईला पाठवलेल्या फोटोतला रंग उतरवला, तेव्हा यातले काहीही माझ्या ध्यानात नव्हते. ध्यानात आले ते दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर वाचताना. माझे मत अजूनही पूर्णपणे बदललेले नाही. महालातले सैनिकांचे मजले काढून टाकून 1503चे साल परत आणले, म्हणजे तिथे दीड-दोन शतके झोपलेल्या, खोकलेल्या, घरी पत्रे लिहिलेल्या माणसांची वस्ती पुसलीच गेली ना? राजाची शंभर वर्षे सैनिकांच्या दोनशे वर्षांहून खरी कशी? राजवाड्यात टांगलेल्या एकशिंगी घोड्याच्या शिकारीच्या टॅपेस्ट्र्या पुन्हा विणायला तेरा-चौदा वर्षे लागली. मूळ विणकाम न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्या नव्या धाग्यांना नकली म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही, कारण कोणाची तरी बोटे त्यात खरोखर झिजली आहेत. आणि महालाला रंग देणाऱ्यांनी निदान चुन्याचा एक जुना पापुद्रा तपासून मग हात चालवला होता. मी काहीच तपासले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनमध्ये मूळ फोटो पुन्हा काढला. करड्या आभाळाखाली, ओल्या काळ्या कातळावर, पावसाने जरा गडद झालेला तो पिवळा. मी तो ताईला पाठवला, खाली एक शब्दही लिहिला नाही. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले असतील. ती जागीच होती.

"हे कुठलं गं?" तिने लिहिले. "तिथलं हॉटेल का?"

मी तिला फोन लावला.